पलंगाजवळचा प्लग

सहलीला आलेल्या माणसाला पहिली खोली कधीच पसंत पडत नाही, हे ताईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. कुणाला लिफ्टची घरघर ऐकू येते, कुणाच्या खिडकीतून नुसती भिंत दिसते, कुणाच्या गिझरचं पाणी कोमटाच्या पुढे जात नाही. आणि काहींना तर शेजारच्यांची खोली आपल्यापेक्षा हातभर मोठी आहे, एवढ्याच दुःखाने झोप लागत नाही. ताई सगळ्यांचं ऐकून घेत, मग खाली जाऊन काउंटरवर कोपर टेकून उभ्या राहत. भांडत नसत. आवाजही चढवत नसत. फक्त तिथून हलत नसत. शेवटी काउंटरवरचा माणूसच कंटाळून दुसरी किल्ली काढून देई.

ताई एका प्रवास कंपनीत सहल-प्रमुख होत्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, कायम पायात कापडी बूट आणि गळ्यात शिट्टी. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत; मालकही म्हणत आणि बसचा ड्रायव्हरही म्हणे. दुसऱ्यांच्या खोल्यांसाठी अशा ठाण मांडून बसणाऱ्या ताई स्वतःसाठी मात्र कधी काही मागत नसत. कंपनीचा रिवाजच होता, एकटी आलेली बाई सहल-प्रमुखाच्या खोलीत. त्यामुळे दर सहलीत ताईंच्या शेजारच्या पलंगावर कुणीतरी नवीन बाई असे, आणि सकाळी ती बाई हसत हसत सांगे, "ताई, तुम्ही घोरता हं!"

हे ताईंना नवीन नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने, जो मोटार चालवायला शिकवण्याच्या शाळेत शिक्षक होता, आपली गादी कधीच बाहेरच्या खोलीत नेली होती. तो म्हणायचा, "दिवसभर शिकाऊ लोक माझ्या कानाशी गिअर खरडतात. रात्री तरी चढावरचा ट्रक नको." ताईही हसायच्या. घोरणं हा काय आजार आहे? झोप चांगली लागते, एवढाच त्याचा अर्थ.

पण झोप चांगली लागत नव्हती. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, आणि दुपारी बसमध्ये बसलं की मान छातीवर. ताईंनी त्याला वयावर ढकललं, मग चहावर, मग उन्हावर. शेवटी मुलीनेच विषय काढला. ती एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर आ वासलेली तोंडं बघून तिचं लक्ष बहुधा आईच्या तोंडाकडेही गेलं असावं.

"आई, तू मध्येच थांबतेस."

"थांबते म्हणजे?"

"घोरता घोरता थांबतेस. श्वासच घेत नाहीस. मग एकदम दचकून घेतेस. मी काल शेजारी बसून ऐकत होते. मला भीती वाटली."

मग तपासणी झाली. अंगाला वायरी लावून ताई एक रात्र दवाखान्यात झोपल्या. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास अडतो, शरीर दर वेळी गुदमरून अर्धवट जागं होतं; तुम्हाला ते कळत नाही, पण हृदयाला कळतं. रात्री नाकावर मुखवटा बांधून यंत्राची हवा घ्यायची, आणि रोज घ्यायची. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का?

ताई म्हणाल्या, वडिलांना होतं. आणि तिथेच त्यांचा पाय अडखळला.

वडिलांचं घोरणं अख्ख्या आळीला माहीत होतं. पन्नाशीच्या जरा पुढे ते झोपेतच गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, कुणाची सेवा घेतली नाही, दुखलं नाही, खुपलं नाही. घरच्यांनी तेवढाच धागा धरून ते दिवस काढले होते. आणि आई तर अजूनही सांगायची, "त्या रात्री ते घोरले नाहीत गं. मला किती दिवसांनी छान झोप लागली होती."

यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना वडिलांचं ते सुखाचं मरण त्यांच्या हातून निसटलं, ते कायमचंच. म्हातारी आई भावाकडे होती. ताईंनी ठरवलं, तिला यातलं अक्षर कळता कामा नये. तिने शेजारी पडून त्या रात्री काय ऐकलं आणि काय ऐकलं नाही, हे तिला या वयात समजावून कुणाचं भलं होणार होतं?

यंत्र मात्र गुणाचं निघालं. आठवड्याभरात ताईंचं डोकं हलकं झालं. वर्षानुवर्षं काचेवर साचलेली धूळ कुणीतरी ओल्या फडक्याने पुसावी, तसं त्यांना सकाळी वाटायचं. अडचण एकच होती. सहल.

मागे एका ड्रायव्हरला अधूनमधून चक्कर येते असं कळल्यावर मालकांनी त्याला दुसऱ्या दिवशी गोदामात नेऊन बसवलं होतं. त्यात मालकांची चूक होती असंही नाही. पण ताईंनी त्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी कंपनीत कुणालाच सांगितलं नाही.

आता हॉटेलच्या खोलीत शिरलं की ताईंची नजर आधी भिंतीच्या तळाकडे जाई. इतकी वर्षं त्यांनी हजार खोल्या पाहिल्या होत्या, पण प्लग कुठे असतो हे कधी पाहिलं नव्हतं. तो टीव्हीच्या मागे असतो. नाहीतर न्हाणीघराच्या दाराशी, नाहीतर कपाटाच्या पोटात. पलंगाजवळ असलाच, तर त्यात दिव्याची वायर कायमची ठोकलेली असते. काही ठिकाणी दाराशेजारच्या खाचेतलं कार्ड काढलं की सगळ्या खोलीची वीज जाते. सोबतची बाई पहाटे फिरायला जाताना सवयीने कार्ड काढून नेई, आणि नाकातली हवा बंद होऊन ताई धडपडत उठत. मग त्यांनी लांब वायरीचा बोर्ड घेतला, बाटलीबंद पाणी यंत्रात भरायला शिकल्या, आणि सकाळी गालांवर उठणाऱ्या लाल पट्ट्यांना "उशीची घडी" म्हणायला शिकल्या. सोबतीला येणाऱ्या बायकांपैकी एक झोपेची गोळी घेणारी निघाली, एक कानात बोळे घालणारी. दोन-तीन सहली अशा निभावल्या.

पुढची सहल डोंगर आणि तळ्यांची होती. पहिल्याच दिवशी हॉटेलच्या दालनात सामान उतरवताना एक हौशी बाई ताईंच्या हातातली चौकोनी पिशवी बघून म्हणाली, यात काय आहे हो? ताईंच्या तोंडून निघून गेलं, इस्त्री. झालं. बाईंचा प्रवासात चुरगळलेला ड्रेस होताच. अर्ध्या तासात त्या दारात हजर. ताईंना सांगावं लागलं, इस्त्री बिघडली आहे. एक खोटं बोललं की त्याला जेवूखाऊ घालायला दुसरं लागतं, ते असं.

त्या सहलीत ताईंच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. उंच, ताठ, आणि झोपायच्या आधी चपलासुद्धा एका रेषेत ठेवणाऱ्या. ताईंनी दिवा मालवल्यावर घाईघाईने सांगितलं, मला श्वासाचा जरासा त्रास आहे, छोटंसं यंत्र लावते, आवाज फार नाही. मुख्याध्यापिका झोपेच्या भरात बरं म्हणाल्या. आपण कशाला बरं म्हटलं, हे त्यांना मध्यरात्री डोळे उघडल्यावरच कळलं.

सकाळी नाश्त्याला सगळे टेबलांभोवती बसले असताना त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. "डोळे उघडले, तर शेजारी हत्ती झोपलेला! सोंड थेट जमिनीपर्यंत! मी किंचाळणारच होते." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, हत्ती कशाला, ताई रात्री पाणबुडी चालवतात. आणि ती ड्रेसवाली बाई चमचा खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे ती बिघडलेली इस्त्री हीच का?"

हसण्यात विखार नव्हता. माणसं सुट्टीवर होती, हसायला निमित्त शोधत होती. ताईही हसल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण खोटं पकडलं गेल्याने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही गोष्ट मालकांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या मुक्कामाला त्यांनी पिशवीची चेन उघडलीच नाही. दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपल्या. सकाळी मुख्याध्यापिकांचे डोळे लाल. त्या म्हणाल्या, काल तुम्ही इतक्या घोरलात की त्यापेक्षा तुमचा हत्ती बरा होता. ताईंची स्थिती आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी झाली. यंत्र लावावं तर हसू, न लावावं तर दुसऱ्याच्या झोपेचं खोबरं. म्हणून तिसऱ्या मुक्कामाला, उद्याच्या गाड्यांचे फोन करायचे आहेत असं सांगून त्या खाली गेल्या, आणि हॉटेलच्या दालनातल्या सोफ्यावर सकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या. काउंटरवरच्या माणसाला वाटलं, बाईंचं खोलीत भांडण झालं असावं. त्याने न विचारता चहा आणून दिला.

त्याच सकाळी एका मोठ्या बागेत थांबा होता. काचघर, तळं, तळ्यात रंगीत मासे. वेळ संपल्यावर ताईंनी शिट्टी वाजवली, लोक बसमध्ये चढले. रोज ताई बसच्या टोकापर्यंत जाऊन एकेका सीटच्या पाठीला हात लावत माणसं मोजत. त्या दिवशी त्या निम्म्या बसपर्यंत गेल्या, आणि त्यांना आकडाच आठवेना. परत मोजायला घेतलं, पुन्हा निसटलं. डोळ्यांपुढे सगळं पाण्याखालून दिसावं तसं हलत होतं. मागच्या बाजूला खिडकीपाशी एका सीटवर कुणाचातरी रेनकोट टांगलेला होता. ताईंनी त्यालाच माणूस धरलं की काय, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

"सगळे आले?" त्यांनी विचारलं.

"आले, आले," मागून कुणीतरी म्हणालं.

ताईंनी ड्रायव्हरला चला म्हटलं आणि पुढच्या सीटवर बसल्या. पुढचं त्यांना काही आठवत नाही. आ वासून, मान टाकून त्या झोपल्या, आणि लोकांनी त्यांच्या घोरण्याचा व्हिडिओही काढला.

तासाभराने बस जेवणासाठी थांबली तेव्हा मुख्याध्यापिकांनीच विचारलं, "छत्रीवाले कुठे आहेत?"

छत्रीवाले म्हणजे एक वयस्कर गृहस्थ. एकटेच आलेले, कानाने मंद, आणि कुठेही हातात काळी छत्री. पोस्टातून निवृत्त झाले होते. बायको गेल्यावर मुलाने बळेच सहलीला पाठवलं होतं. ताईंनी त्यांना फोन लावला, तर फोन वरच्या फळीवर ठेवलेल्या त्यांच्याच पिशवीत वाजला.

ड्रायव्हरने लगेच बस वळवली. त्या तासाभराच्या वाटेत ताई फोन लावत राहिल्या. बागेच्या कार्यालयातला फोन कुणी उचलत नव्हतं. ताईंना तळं दिसत होतं, रस्ता ओलांडणारे पाय दिसत होते, आणि काय काय दिसत होतं.

छत्रीवाले काका फाटकाबाहेरच्या बाकावर बसले होते. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, पण छत्री उघडलेली होती. डोक्यावर नव्हे, मांडीसमोर, खाली तिरपी धरलेली. ताई धावत खाली उतरल्या, आणि जवळ गेल्यावर त्यांना ते समजलं. प्रसाधनगृह बागेच्या आत, दूर होतं. आपण तिकडे गेलो आणि तेवढ्यात बस येऊन गेली तर, या धास्तीने ते गृहस्थ बाकावरून हलले नव्हते. त्यांची विजार भिजली होती.

ताईंनी मागे वळून ड्रायव्हरला हाताने खूण केली, बस पुढे ने. त्यानेही ओळखलं. बस फाटक ओलांडून झाडाआड गेली. मग ताईंनी स्वतः जाऊन सामानाच्या कप्प्यातून काकांची बॅग आणली, बागेच्या माळ्याला सांगून त्याची अवजारांची खोली उघडून घेतली, आणि काका आत कपडे बदलेपर्यंत दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "तुम्ही याल हे ठाऊक होतं. म्हणून तर उठलो नाही."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ताईंना परवडलं असतं.

बसमध्ये चढल्यावर काकांनी सगळ्यांना सांगितलं की मासे बघण्यात वेळ कसा गेला ते कळलंच नाही. भिजल्या कपड्यांचं ते कुणाजवळ बोलले नाहीत, आणि ताईही बोलल्या नाहीत. पण सहलीच्या फोन-गटावर ताईंचा झोपलेला व्हिडिओ आणि काका मागे राहिल्याची बातमी एकदमच पडली होती. संध्याकाळच्या आत काकांच्या मुलाचा मालकांना फोन गेला.

त्या मुक्कामाला खोलीत शिरल्यावर मुख्याध्यापिकांनी स्वतःच टीव्हीमागचा प्लग शोधला, वायरीचा बोर्ड लावला आणि तो पलंगापर्यंत ओढत आणला.

"लावा ते," त्या म्हणाल्या. "वर्गात कुणी कुणाच्या दुखण्याला हसलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आणि इथे मीच हसवलं."

"तुमच्यामुळे नाही झालं ते," ताई म्हणाल्या.

ते निम्मं खरं होतं, निम्मं नव्हतं, आणि दोघींनाही ते कळत होतं. ताईंनी मुखवटा बांधला. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, याचीच त्यांना सकाळी लाज वाटली. नाश्त्याला कुणी पाणबुडीचं नाव काढलं नाही. उरलेली सहल सगळे त्यांच्याशी अगदी जपून, नीट वागले. त्यापेक्षा ते हसणं सोपं होतं.

परतल्यावर मालकांनी बोलावलं. त्यांनी दार लावून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला. ताईंनी सगळं सांगितलं. आजार, यंत्र, इस्त्री, सोफ्यावरची रात्र. फक्त छत्रीमागचं सांगितलं नाही.

"आधी का नाही बोललात?" मालक म्हणाले.

"बोलले असते तर पाठवलं असतंत मला?"

मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नसतं पाठवलं," ते म्हणाले. "पण ते काका बाकावर बसले नसते."

मालक वाईट नव्हते. त्यांनी गोदाम दाखवलं नाही. एका दिवसाच्या सहली ताईंकडे दिल्या. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. मुक्कामाच्या सहलींवर एक तरुण मुलगी जाऊ लागली. तिला पहिल्याच सहलीआधी ताईंनी सगळ्या हॉटेलांची खडान्‌खडा माहिती सांगितली, कुठल्या काउंटरवर गोड बोलायचं आणि कुठे नुसतं उभं राहायचं. ती हो हो म्हणत फोनमध्ये बघत होती.

घरचे म्हणाले, बरंच झालं. प्रकृतीही सुधारली. नवऱ्याने आपली गादी आतल्या खोलीत परत आणली आणि यंत्राच्या बारीक सुरसुरीला पंख्याचा धाकटा भाऊ म्हणू लागला. ताई मात्र संध्याकाळी रिकामी बस आगारात शिरली तरी सीटवरून लवकर उठत नसत. परक्या गावात अंधार पडताना हॉटेलच्या पायऱ्यांवर उभं राहून, सगळे आपापल्या खोल्यांत सुखरूप शिरले असं बघण्यात जे होतं, ते एका दिवसाच्या सहलीत नव्हतं. काकांना त्यांनी दोनदा फोन केला. एकदा मुलाने उचलला आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदा काका बोलले, पण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं.

मग नणंदेच्या मुलाच्या पदवीदानासाठी ताई आणि त्यांचा नवरा दुसऱ्या शहरी गेले. बऱ्याच महिन्यांनी ताई हॉटेलात शिरत होत्या, तेही स्वतःसाठी. काउंटरपाशी मागे माणसं उभी होती. ताईंनी कोपर टेकलं आणि साध्या आवाजात सांगितलं, मला झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे, यंत्र लावावं लागतं, पलंगाजवळ प्लग असलेली खोली द्या. नवऱ्याने मान वर करून छत न्याहाळायला सुरुवात केली. काउंटरवरच्या मुलीने यादी पाहिली आणि अशी खोली नाही म्हणाली. ताई हलल्या नाहीत. शेवटी अशी खोली मिळालीच नाही, पण पलंग सरकवायला एक माणूस मिळाला.

सकाळी ताईंना जाग आली तेव्हा नवरा खुर्चीत बसलेला होता, कालच्याच कपड्यांत.

"झोपला नाहीत?"

"वीज दोनदा गेली," तो म्हणाला. "यंत्र बंद पडलं की तू श्वास थांबवत होतीस. मी हलवत होतो, तू कूस वळवून परत झोपत होतीस. मग म्हटलं, बसावंच."

ताईंनी मुखवटा काढून गालावरच्या पट्ट्या चोळल्या. नवरा खुर्चीतून उठला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, बॅटरीवर चालणारंही मिळतं म्हणे, परतल्यावर चौकशी करू. मग तो तोंड धुवायला गेला. पदवीदानाला अजून अवकाश होता. ताईंनी यंत्राच्या टाकीतलं उरलेलं पाणी ओतून दिलं, नळी गुंडाळली, आणि तो बाहेर येईपर्यंत त्याच्यासाठी पलंगावरची चादर नीट करून ठेवली.

"तासभर पडा," त्या म्हणाल्या. "मी आहे जागी."